पाव्हण्यांच्या बाहीवरचे चार ठिपके

सोमवारी सकाळी सात वाजता छगनमास्तरांनी पिकअपचं बॉनेट वर केलं, आत डोकं घातलं आणि आतूनच जाहीर केलं, "धुडकू, हिचे चारही प्लग आज बदलून टाकू!"

धुडकूच्या हातातला चहा बशीत सांडला. धुडकू म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. गाडी तोच चालवायचा. पांडेसऱ्यातल्या मिलमधून कापडाचे ताके भरायचे आणि मार्केटात नेऊन उतरवायचे, हे त्याचं रोजचं काम.

"आज? दादा, बारा वाजता तिच्यात कानबाई बसायचीये!"

"म्हणून तर!" मास्तर बाहेर येत म्हणाले. त्यांच्या नाकाला आत्ताच ग्रीस लागलं होतं आणि डोळे लग्नघरातल्यासारखे चमकत होते.

त्यांचंही खरं होतं. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसांनी गावाकडे बरंच काही सोडलं, पण कानबाईला बरोबर आणलं. श्रावणातल्या रविवारी नारळाची आई सजूनधजून चौरंगावर बसते, रात्रभर जागरण होतं, आणि सोमवारी ती वाजतगाजत तापीवर जाते. इतकी वर्षं सोसायटीची कानबाई बायकांच्या डोक्यावरून जायची. तापी काही जवळ नाही. माना मोडायच्या. यंदा बैठकीत छगनमास्तर उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "औंदा आई माझ्या गाडीतून जाईल." टाळ्या पडल्या, आणि चौरंगही मास्तरांच्याच घरी मांडायचं ठरलं. त्या दिवसापासून मास्तरांचे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

गाडी तशी गुणी होती. जुनी पेट्रोल जीप, मागून कापून हौदा बसवलेला. पण गेल्या आठ दिवसांपासून चढ लागला की ती उचकी द्यायची. उधन्याच्या पुलावर, आई हौद्यात, मागे अख्खा खानदेश, आणि गाडीने उचकी दिली तर? या विचाराने मास्तर रात्री दोनदा उठून बसले होते.

"भगवानला बोलावू या की," धुडकू म्हणाला.

"भगवान मेकॅनिक कालपासून त्यांच्या सोसायटीत नाचतोय. तो आता उद्याच उतरेल. आणि त्यानेच तर शनिवारी चार नवे प्लग आणि पाना दिलाय मला. म्हणाला, मास्तर, पोरखेळ आहे. चार वायरी, चार प्लग. फक्त वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका, ज्याची वायर त्यालाच."

धुडकूने आत पाहिलं. चारही वायरी काळ्या, चारही एका लांबीच्या. मागच्या मालकाने एकाच गुंडाळीतून कापून लावल्या होत्या.

"मग एक-एक करू," धुडकू म्हणाला. "एक वायर काढायची, प्लग बदलायचा, तीच वायर परत लावायची. मग पुढची."

ही त्या दिवसातली एकमेव शहाणपणाची गोष्ट होती. मास्तरांनी ती हातानेच उडवून लावली.

"असं घाबरत-घाबरत काम करायचं नसतं रे! मी कोण आहे?"

छगनमास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. डाइंग मिलमधले रंगमास्तर होते. शेठने बोटभर चिंधी दाखवली की तिचा रंग हे संध्याकाळपर्यंत हजार मीटरवर उतरवून देत. 'सुरतेचं ऊन फिकं पडेल, पण माझा रंग जाणार नाही,' हे त्यांचं वाक्य घरात इतक्यांदा झालं होतं की ते सुरू झालं की त्यांची बायको, उषाबाई, पुढचं पुरं करायच्या.

मास्तर घरातून चार छोट्या बाटल्या आणि रंगीत धाग्यांची चिमूट घेऊन आले. प्रत्येक वायरीला एक धागा बांधला. लाल, पिवळा, हिरवा, निळा. मग रंगाची भुकटी पाण्यात खलली, आणि ज्या प्लगवर जी वायर होती त्याच्या शेजारी, इंजिनावर, त्याच रंगाचा ठसठशीत ठिपका दिला.

"झालं! लाल वायर लाल ठिपक्याला. आता आंधळ्यालाही जमेल."

"लाल कितवा, ते पण लिहून ठेवू का?" धुडकूने विचारलं.

"लिहायचं कशाला? डोक्यात ठेवायचं कशाला? रंग आहे ना तिथं!"

तेवढ्यात योगराज पाव्हणे आले. मास्तरांच्या बहिणीचे, शोभाचे, यजमान. मुक्काम पोस्ट नंदुरबार. घरी स्कूटर असल्यामुळे तमाम इंजिनांवर त्यांचा अधिकार होता. खास आजच्यासाठी शिवलेला पांढराशुभ्र टेरिकॉटचा लांब बाह्यांचा शर्ट त्यांनी अंगात घातला होता. कालपासून ते जरा रुसलेलेच होते, कारण कानबाईच्या प्रसादाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. पाव्हण्यांसाठी वेगळं श्रीखंड केलं होतं. ते त्यांनी तीनदा मागून घेतलं, पण रुसवा सोडला नाही.

"हे काय, इंजिनाला हळदीकुंकू लावलंय?" असं म्हणत पाव्हणे वाकले.

"पाव्हणे, इंजिनाला हात लावू नका हां! ओलं आहे," मास्तर बाटल्यांची बुचं लावता लावता ओरडले.

"मी कशाला हात लावतोय? आमच्या स्कूटरला एकच प्लग आहे. एकात सगळं भागतं," असं म्हणून पाव्हणे चहाला आत निघून गेले. त्यांच्या उजव्या बाहीकडे कोणी बघितलं नाही. त्यांनी स्वतःही नाही.

मास्तरांनी वायरी उपसल्या, पान्याने चारही प्लग काढले. नव्या प्लगच्या डब्या उघडून प्लग कागदावर मांडतात न मांडतात तोच उषाबाई आल्या.

"नवे आहेत ना? मग आधी आईपुढे ठेवायचे. नवी वस्तू अशीच कशी वापरता?"

"बरोबर! ने, ने!" मास्तर उत्साहाने म्हणाले. "पण लगेच आण."

"दहा मिनिटांत आणते," म्हणून उषाबाईंनी प्लग ओच्यात घेतले.

आता दहा मिनिटं नुसतं बसणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी जुने चार प्लग घेतले, पॉलिश पेपरने घासले, पेट्रोलने धुतले, दात घासायच्या जुन्या ब्रशने टोकं साफ केली. "जुनी वस्तू टाकून द्यायची नाही. वेळेला उपयोगी पडते," असं म्हणत ते त्यांनी असे लख्ख केले की उन्हात धरल्यावर डोळे दिपावेत. मग कागदावर ओळीने मांडले.

"आता भोकांभोवतीची माती पुसून घेतो. आत कचरा जायला नको." पेट्रोलचा बोळा घेऊन मास्तर पुन्हा आत शिरले.

"दादा! ठिपके!"

"अरे, माझा रंग आहे तो. ऊन फिकं पडेल, पण..."

वाक्य तिथंच राहिलं. पुरं करायला उषाबाईही नव्हत्या. मास्तरांनी बोळा बाहेर काढला. बोळ्यावर लाल होता, पिवळा होता, हिरवा होता, निळा होता. इंजिन मात्र धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. कपड्याला एकशे तीस डिग्रीची वाफ दिली की रंग पक्का बसतो, हे मास्तर झोपेतही सांगू शकले असते. पण थंड लोखंडाला वाफ कोण देणार, हे ते जागेपणी विसरले होते.

दोघं भाऊ सुट्या वायरी हातात घेऊन इंजिनावर वाकले.

"लाल पहिला होता," मास्तर म्हणाले.

"हिरवा पहिला होता, दादा."

"तुला काय कळतं रंगातलं!"

"मला रंगातलं नाही कळत, पण हिरवा पहिला होता!"

"तू निदान प्लग तरी बसव!" मास्तर खेकसले. धुडकूने कागदावरचे चार चकचकीत प्लग उचलले आणि गपगुमान बसवून टाकले.

नऊ वाजले. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे वायरी लावल्या. धुडकूने चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि सायलेन्सरमधून असा काही बार उडाला, की समोरच्या गॅलरीतली कबुतरं थेट उधन्याकडे गेली. जागरण करून पेंगुळलेले सोसायटीतले लोक खडबडून जागे झाले. "निघाली! आई निघाली!" करत ढोलवाले धावत आले. त्यांना परत बसवायला पंधरा मिनिटं लागली.

मग धुडकूच्या म्हणण्याप्रमाणे लावल्या. या वेळी बार पुढून उडाला आणि मास्तरांच्या भुवया जराशा भाजल्या. ढोलवाले परत आले.

"पप्पा," गॅलरीतून गायत्री म्हणाली. मास्तरांची मुलगी, बारावीला. "चार वायरींचे चोवीस प्रकार होतात. तुमचे बे थया. अजून बावीस बाकी."

"तुला गणित शिकवलं ते आजच्यासाठी का गं?"

"शांती राखो ने, पप्पा. मी मोजतेय."

धुडकू सायकल काढून भगवान मेकॅनिककडे पळाला. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आला. भगवान मिरवणुकीत सापडला होता, पण तो नाचायचा थांबेना. धुडकूने त्याच्याबरोबर नाचत नाचत विचारलं. त्यानेही नाचत नाचत सांगितलं, "एक, तीन, चार, दोन!"

"वा!" मास्तर उठून उभे राहिले. "पण यातली एक नंबरची वायर कोणती?"

"ते विचारेपर्यंत ढोल पुढे गेला, दादा."

मास्तर मटकन पायरीवर बसले. तेवढ्यात पार्वतीकाकू आल्या. सोसायटीतल्या सगळ्यात वडील. कानबाईचं सगळं यांच्या शब्दाने चालायचं. त्यांनी उघडं बॉनेट पाहिलं, मास्तरांच्या भुवया पाहिल्या.

"छगन, बारा वाजनात का आई निंघी. गाडी तयार ऱ्हायनी ते गाडीमा, नही ते डोकावर. पन मंग तुनी गाडीमा परत कधी नही. सांगी ठेवस."

काकूंचा शब्द म्हणजे शब्द. मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. बावीस वर्षं मिलमध्ये रंग केला. कधी शेठची बोलणी खाल्ली नाहीत, कधी ताका परत आला नाही. आणि आज सगळ्यांदेखत आई त्यांच्या दारातून, गाडी सोडून, डोक्यावर जाणार होती.

अशा वेळी उषाबाई पदराला हात पुसत तणतणत बाहेर आल्या.

"अहो, काय हो तुमचे ते रंग! पाव्हण्यांचा नवा शर्ट नासला. घासून घासून माझे हात दुखले!"

"मला नको सांगू आता शर्टाचं!"

"चार डाग आहेत, चार! कोपरापासून मनगटापर्यंत, ओळीने! लाल काय, निळा काय..."

मास्तर पायरीवरून असे उठले की धुडकू दचकून मागे पडला. "ओळीने? ओळीने म्हणालीस?"

"हो, ओळीने. पण तुम्ही..."

मास्तर मोरीत पोचलेसुद्धा. "धुवू नको! कोणी धुवू नका!" बादलीतला शर्ट त्यांनी साबणाच्या फेसासकट बाहेर काढला आणि छातीशी धरला. योगराज पाव्हणे बनियनवर बसून दुसरा चहा पीत होते. ते हे दृश्य बघून कप धरूनच उभे राहिले.

बाही पसरली. उषाबाईंनी काम चोख केलं होतं. चार जागी नुसत्या चार सावल्या उरल्या होत्या. कोणती लाल, कोणती निळी, हे देवही सांगू शकला नसता.

"गेलं," धुडकू म्हणाला.

मास्तरांनी बाही उजेडाकडे धरली. डोळे बारीक केले. दोन बोटांत कापड चोळलं. आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर मिलमधले मास्तर परत आले.

"टेरिकॉट आहे," ते पुटपुटले. "धाग्यात शिरलाय तो. दिसत नाही, पण आत आहे. त्याला फक्त गरमी पाहिजे. उषा, इस्त्री!"

"ओला शर्ट आहे!"

"इस्त्री लाव म्हणतो ना!"

इस्त्री तापली. मास्तरांनी बाहीवर जुनं फडकं टाकलं आणि इस्त्री दाबून धरली. वाफेचा फसकारा झाला. सगळं घर टेबलाभोवती गोळा झालं. पाव्हणे "जाळाल! अहो, नवा आहे!" करत मागून उड्या मारत होते. मास्तरांनी मनात वीस मोजले, इस्त्री उचलली, फडकं काढलं.

कोपराशी हिरवा, मग लाल, मग निळा, मनगटाशी पिवळा. असे तेजस्वी, असे ठसठशीत, की दुकानात मांडावेत!

"बघा!" मास्तर ओरडले. "बघा माझा रंग! साबण लावा, सोडा लावा, आता मेला तरी जाणार नाही!"

"नंदुरबारपर्यंतही जाणार नाही?" पाव्हण्यांनी क्षीण आवाजात विचारलं. पण तिकडे लक्ष कोण देतो. धुडकूने भावाला मिठी मारली. उषाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गायत्री टाळ्या पिटत होती, आणि मग ती एकदम थांबली.

"पप्पा, पण कोपर रेडिएटरकडे होतं की ड्रायव्हरकडे?"

सगळ्यांनी पाव्हण्यांकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" पाव्हणे ताठ झाले. "मी इंजिनाला हात लावलाच नाही. डाग कसा पडला ते तुमचं तुम्ही बघा."

"पाव्हणे, पाया पडतो. कोणत्या बाजूने वाकला होता तेवढं सांगा."

"वाकलोच नाही तर सांगू काय?"

साडेअकरा वाजून गेले होते. बाहेर ढोल तापवत होते. मास्तर हात जोडून उभे, पाव्हणे छताकडे बघत उभे. तेव्हा पार्वतीकाकू दारातून म्हणाल्या, "योगराज, आतमा आई बसेल शे. तिनासमोर खरं सांग. वाकना व्हतास का नही?"

पाव्हण्यांनी आतल्या चौरंगाकडे पाहिलं. आईच्या नथीकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"जरासा," ते म्हणाले.

"जरासा कसा? दाखवा!"

आणि मग नंदुरबारचे योगराज पाव्हणे, गरमागरम शर्ट अंगात घालून, सोसायटीतल्या शंभरेक माणसांसमोर पुन्हा एकदा इंजिनावर वाकले. आधी डावीकडून वाकले, ते काही जमेना. मग उजवीकडून. "हां, असा! हात असा होता! चहाचा वास आला म्हणून मान तिकडे होती!" कोपर रेडिएटरकडे आलं. चार ठिपके चार प्लगांवर बरोब्बर येऊन टेकले.

"हलू नका, पाव्हणे! श्वाससुद्धा घेऊ नका!" मास्तरांनी बाहीखालून हात घालून हिरवी वायर हिरव्याला लावली, लाल लालला, निळी निळ्याला, पिवळी पिवळ्याला. धुडकूने चावी फिरवली.

गाडी सुरू झाली! ना कण्हली, ना खोकली, अशी एकसुरात घुमायला लागली की काकूंनीच पहिली फुगडी धरली. आता ढोलवाल्यांना कोणी अडवलं नाही. घड्याळात बाराला पाच कमी होते.

तापीपर्यंतचा तो प्रवास मास्तर जन्मभर विसरणार नाहीत. हौद्यात फुलांच्या माळांत आई बसलेली, शेजारी ताट घेऊन काकू आणि उषाबाई, पुढे धुडकूच्या बाजूला मास्तर, आणि गाडीच्या पुढे, चार रंगांची बाही वर उडवत, योगराज पाव्हणे नाचतायत. रुसवा कुठल्या कुठे गेला होता. जो भेटेल त्याला ते बाही दाखवत आणि सांगत, "यावरून गाडी चालू झाली! या बाहीवरून!" उधन्याचा पूल आला. मास्तरांनी डोळे मिटले. गाडी चढली, वर गेली, उतरली. एक उचकी नाही.

"बघितलंस?" मास्तर धुडकूला म्हणाले. "नव्या प्लगची गोष्टच वेगळी! ओढ बघ, ओढ!"

"आवाजच वेगळा येतोय, दादा," धुडकू म्हणाला.

तापीवर आरती झाली. आईला निरोप देताना सगळ्यांचेच डोळे भरून आले. मग काकूंनी पूजेचं ताट उचललं आणि त्यावरचं लाल वस्त्र बाजूला केलं. फुलं होती, नारळ होता, विडा होता. आणि विड्याच्या बाजूला, हळदीकुंकू लावलेले, चार कोरे करकरीत प्लग होते.

मास्तरांनी ते पाहिले. उषाबाईंनी पाहिले आणि जीभ चावली. "अगं बाई! शर्टाच्या नादात ते आणायचेच राहिले," त्या पुटपुटल्या.

"मग गाडीत कोणते..." मास्तर म्हणाले. कागदावर ओळीने मांडलेले ते चकचकीत चार त्यांच्या डोळ्यांसमोर आले. जुने. त्यांनीच घासलेले.

मास्तरांनी तोंड उघडलं. 'काकू, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. पण दोन पावलांवर पाव्हणे बाही पसरून उभे होते, भोवती दहा माणसं, आणि ते सांगत होते, "अहो, जुन्या प्लगांवर ही गाडी पुलाखालीच बसली असती. मी नवे टाकायला लावले, म्हणून आई इथवर आली." मास्तरांनी त्या दहा माणसांकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

काकूंनी ताट पाण्यावर कलतं केलं. फुलं गेली, नारळ गेला, विडा गेला. मग डुबुक, डुबुक, डुबुक, डुबुक.

"हाई काय व्हतं रे, छगन?" काकूंनी विचारलं.

"आईलेच वाह्यलं, काकू," मास्तर हात जोडून म्हणाले.

परत येताना गाडीत चौघं दाटीवाटीने पुढेच बसले. पाव्हणे खिडकीशी, बाही बाहेर काढून. उधन्याच्या पुलाचा चढ लागला आणि अर्ध्यावर गाडीने खणखणीत उचकी दिली. धुडकूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर समोर बघत राहिले.

"घाबरू नका," पाव्हणे समजुतीच्या स्वरात म्हणाले. "नवे प्लग आहेत. रुळायला दोन दिवस लागतात."

"हो ना, पाव्हणे," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी उषाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.